हजेरीपटाला न दिसणारे घर

काही वर्षांपूर्वी दक्षिणेतील एका राज्यात शालेय शिक्षण खात्यात काम करीत असताना मी एक परिपत्रक काढले होते. सलग तीन दिवस गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याच्या वडिलांना मुख्याध्यापकांनी शाळेत बोलावून घ्यावे, कारण विचारावे, समज द्यावी आणि त्यांची स्वाक्षरी घ्यावी, असा त्याचा आशय होता. गळती रोखायची तर ती सुरू होतानाच रोखली पाहिजे, अशी आमची धारणा होती. त्या वर्षी उपस्थितीचे आकडे सुधारले आणि आढावा बैठकीत माझे कौतुकही झाले.

सहा-सात महिन्यांनी एका औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या सरकारी शाळेत मी तपासणीसाठी गेले. सातवीचा हजेरीपट चाळताना एका मुलीच्या नावापुढे वर्षाच्या आरंभी गैरहजेरीच्या खुणा दिसल्या. त्या बहुधा सोमवारी-मंगळवारी असत आणि महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात अधिक दाट होत. माझे परिपत्रक आल्यानंतर मात्र ती मुलगी जवळजवळ रोज हजर होती. परिपत्रकाचे यश म्हणून मी ते पान मुख्याध्यापिकांना दाखवले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘मॅडम, ती हजर नसते. मी तिला हजर दाखवते.’’

मुलीच्या वडिलांचा पगार सात तारखेला होत असे. पगारानंतरचे काही दिवस आणि प्रत्येक रविवारची रात्र त्या घरात मारहाणीची असे. दुसऱ्या दिवशी मुलगी आईला एकटे टाकून शाळेत यायला तयार नसे. आईचा हात सुजलेला असला की स्वयंपाक तिच्याकडे आणि धाकटा भाऊही तिच्याकडेच. परिपत्रकानुसार मुख्याध्यापिकांनी वडिलांना बोलावले. त्यांनी मान खाली घालून सगळे ऐकून घेतले, सही केली आणि त्या रात्री आईबरोबर मुलीलाही मारले, कारण घरातली गोष्ट तिने शाळेत सांगितली असा त्यांचा समज झाला. तिने तर काहीच सांगितले नव्हते. तेव्हापासून मुख्याध्यापिकांनी तिला कागदोपत्री हजर ठेवायला सुरुवात केली होती, म्हणजे पुन्हा बोलावणे पाठवावे लागू नये. नियमानुसार त्यांच्यावर कारवाई करणे माझे काम होते. मध्यान्ह भोजनाच्या हिशेबात रोजच्या एका ताटाचा फरक पडत होता, तोही माझ्या लक्षात आला होता. मी वही मिटली आणि पुढच्या वर्गात गेले.

हा प्रसंग मी आज लिहिते आहे तो कबुलीजबाब म्हणून नव्हे. घरातील हिंसा आणि मुलांचे शिक्षण यांविषयी आपल्याकडे बोलले जाते तेव्हा चर्चा मुलांच्या मनावर होणाऱ्या आघातापाशी येऊन थांबते. तो आघात खराच आहे. पण त्यात भर घालणारी एक गोष्ट सरकारच्या हातात आहे आणि ती फारशी कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. आईला संरक्षण देणारा कायदा एका खात्याकडे आहे, मुलाला शाळेत ठेवणारा कायदा दुसऱ्या खात्याकडे आहे आणि या दोन खात्यांमध्ये त्या मुलाचे शैक्षणिक वर्ष हरवते.

आधी व्याप्ती पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के, म्हणजे चारांत एक, आणि कर्नाटकात ४४.४ टक्के आहे. देशाच्या माहिती तंत्रज्ञानाची राजधानी ज्या राज्यात आहे, त्या राज्याचा आकडा बिहारच्या ४० टक्क्यांहून अधिक असावा, हे ‘हा गरीब आणि मागास भागाचा प्रश्न आहे’ असे समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्क्यांनी कोणाची तरी मदत मागितली, तर ७७ टक्क्यांनी मदत मागितली नाही आणि कोणाजवळ शब्दही काढला नाही. या घरांत शाळेत जाणारी मुले आहेत. जी गोष्ट आई कोणाला सांगत नाही, ती मूल शिक्षकांना सांगेल अशी अपेक्षा कशी धरायची? सर्वेक्षणाला ही घरे माहीत आहेत, पण त्या घरांतील मुलांच्या दप्तरात ते डोकावत नाही. शिक्षण खात्याच्या ‘यू-डायस प्लस’ प्रणालीत देशातील शाळकरी मुलांची नावानिशी नोंद आहे, पण तिला घर माहीत नाही.

शिक्षण खात्याला हे मूल न दिसण्याचे कारण त्याच्या व्याख्येतच आहे. केंद्राच्या व्याख्येनुसार ६ ते १४ वयाचे जे मूल कधी शाळेत दाखल झालेले नाही, किंवा दाखल होऊनही पूर्वसूचनेविना ४५ दिवस वा त्याहून अधिक काळ गैरहजर आहे, ते शाळाबाह्य. ऊसतोडीला वा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांतील मुले या जाळीत काही प्रमाणात सापडतात. मारहाणीच्या घरातील मूल सापडत नाही. ते सलग ४५ दिवस कधीच गैरहजर नसते. ते एक दिवस येत नाही, दोन दिवस येते, परीक्षेच्या दिवशी उशिरा पोहोचते, सहामाहीच्या सुट्टीनंतर आठवडाभर दिसत नाही. वर्षाअखेरीस त्याची उपस्थिती कशीबशी नियमात बसते आणि अहवालात त्याचा उल्लेखही येत नाही.

जे दिवस ते वर्गात असते, त्या दिवसांचे काय? रात्री झोप झालेली नसते. गृहपाठ करण्यासारखी जागा आणि वेळ घरात नसतो, कधी वहीच फाडून टाकलेली असते. मुलगी फळ्याकडे पाहत असते आणि मनात हिशेब करीत असते की वडील आज किती वाजता परततील. असे मूल शिक्षकांना ‘लक्ष नसलेले’ वाटते. मुलगा असेल तर बहुधा ‘मस्तीखोर’ किंवा ‘मारकुटा’ ठरतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी केली असली, तरी गृहपाठ न केल्याबद्दल एखादी चापटी देणारे शिक्षक अजूनही आहेत. त्या एका चापटीने घर आणि शाळा यांतला फरक त्या मुलाच्या दृष्टीने पुसला जातो. मुलींच्या बाबतीत घडते ते याहून शांतपणे घडते. त्या घराच्या दुसऱ्या कर्त्या होतात, आणि दुसरी कर्ती झालेली मुलगी आठवीनंतर शाळेत दिसत नाही तेव्हा कोणालाही आश्चर्य वाटत नाही.

स्कॉट कॅरेल आणि मार्क होक्स्ट्रा या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील अलाचुआ काउंटीमध्ये केलेले काम येथे उपयोगाचे आहे. कौटुंबिक हिंसेविरुद्ध न्यायालयात आलेल्या अर्जांची माहिती त्यांनी शाळांच्या गुणपत्रकांशी जोडून पाहिली. असे एखादे मूल वर्गात असले की त्याच्या वर्गमित्रांचे गुणही घटतात आणि वर्गातील बेशिस्त वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे ज्यांच्या घरी सर्व काही सुरळीत आहे, अशा पालकांच्या मुलांनाही शेजारच्या घरातील मारहाणीची किंमत मोजावी लागते. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा नंतरचा निष्कर्ष. वर्गमित्रांवरील हा दुष्परिणाम आई वा वडील न्यायालयात जाण्यापूर्वीच्या काळात ठळक होता आणि अर्ज दाखल झाल्यानंतर बराच ओसरला. तेथील न्यायालयाचा मनाई आदेश आणि आपल्याकडील आदेश यांच्या परिणामात फार अंतर आहे, हे खरे. तरीही हिंसेचा शिक्षणावरील परिणाम अटळ नसतो आणि वेळेवरच्या हस्तक्षेपाने तो कमी होऊ शकतो, एवढे तरी त्यातून नक्कीच दिसते.

आपल्याकडे हस्तक्षेप होतो तेव्हा काय घडते? त्या मुलीचीच पुढची गोष्ट सांगते. ती मला बऱ्याच काळाने, योगायोगाने कळली. नोव्हेंबरमध्ये आई दोन्ही मुलांना घेऊन माहेरी गेली. गाव तीनशे किलोमीटरवर. तेथील शाळेने शाळा सोडल्याचा दाखला मागितला. जुन्या शाळेत तोवर मुख्याध्यापिकांची बदली झाली होती, आणि नव्याने आलेल्यांनी वडिलांचा अर्ज असल्याशिवाय दाखला मिळणार नाही असे कळवले. वडील अर्ज देणार नव्हते, कारण मुलांची शाळा हेच बायकोला परत आणण्याचे त्यांच्या हातातील साधन होते. मुलगी नोव्हेंबरपासून मेपर्यंत घरी बसली. जूनमध्ये तिला प्रवेश मिळाला तोही पुन्हा सातवीतच.

यातील प्रत्येक पायरी बेकायदा होती. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ सांगते की मुलाने शाळा बदलायची म्हटल्यावर मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यायचा आहे, विलंब केल्यास ते शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतात, आणि दाखला आणण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. कलम ४ नुसार वयाला साजेशा वर्गात बसणे हा मुलाचा हक्क आहे. मग शाळा वडिलांची सही का मागतात? शाळेच्या दृष्टीने पालक म्हणजे वडील. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने नैसर्गिक पालक म्हणून आधी पिता आणि ‘त्यानंतर’ माता असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात त्या ‘त्यानंतर’चा अर्थ केवळ पित्याच्या मृत्यूनंतर असा घेता येणार नाही, हे स्पष्ट केले. त्याला पंचवीस वर्षे उलटली, पण शाळेच्या कार्यालयातील लिपिकापर्यंत तो अर्थ पोहोचलेला नाही. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव समाविष्ट करणे बंधनकारक केले, हे स्वागतार्हच आहे. नावात आलेल्या त्या आईच्या एकटीच्या सहीवर शाळा दाखला देते का, हे मात्र महाराष्ट्रातील वाचकांनी आपापल्या परिसरात विचारून पाहावे.

कागदाच्या दाखल्याला आता संगणकाची जोड मिळाली आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला कायम क्रमांक आहे आणि सर्वसाधारणपणे जुन्या शाळेने त्याला प्रणालीतून मोकळे केल्याखेरीज नवी शाळा त्याला आपल्या पटावर ओढून घेऊ शकत नाही. एकाच मुलाची दोन शाळांत नोंद होऊ नये यासाठी ही व्यवस्था योग्यच आहे. पण जिथे मूल पळून आलेले आहे, तिथे ती दोन प्रकारे उलटते. जुनी शाळा अडवू शकते, हे एक. आणि दुसरे अधिक गंभीर. मूल कोठे गेले हे जुन्या शाळेला कळते, आणि जुन्या शाळेला कळले की वडिलांना कळायला वेळ लागत नाही. मग एके दिवशी शाळा सुटताना ते फाटकापाशी उभे दिसतात. आपल्या बापाबरोबर जायला मूल नकार देत असेल तर शिक्षकांनी काय करायचे, याचे उत्तर मी माझ्या सेवाकाळात कोणत्याही आदेशात वाचलेले नाही.

वास्तविक २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याला शाळा ठाऊक आहे. पीडित व्यक्ती मूल असेल तर तिच्या शाळेत प्रवेश करण्यास प्रतिवादीला मनाई करणारा आदेश कलम १८ खाली देता येतो. कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा आईला मिळू शकतो, कलम २० खाली त्यांच्या निर्वाहाचा खर्चही. पण या आदेशाची प्रत शाळेला देण्याची तरतूद कायद्यात नाही. संरक्षण अधिकाऱ्याने भरावयाच्या कौटुंबिक घटना अहवालाच्या नमुन्यात मुलांविषयी रकाने आहेत ते नाव, वय, लिंग आणि सध्या कोणाकडे राहतात एवढ्यापुरते. मूल कोणत्या शाळेत, कोणत्या इयत्तेत आहे आणि किती दिवसांपासून गेलेले नाही, हे विचारायला त्या कागदावर जागा नाही. ज्या गोष्टीला रकाना नसतो ती गोष्ट सरकारी कामात अस्तित्वात नसते, हे मी तीस वर्षांच्या नोकरीनंतर खात्रीने सांगू शकते.

दोन व्यवस्थांची पंचांगेही जुळत नाहीत. अर्जाची पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत व्हावा, असा कायद्याचा प्रयत्न आहे. प्रत्यक्षात जुलै २०२२ मध्ये या कायद्याखालील ४.७१ लाख प्रकरणे प्रलंबित असल्याचे सर्वोच्च न्यायालयासमोर आले. उच्च प्राथमिक शाळेचे वर्ष २२० कामकाजाच्या दिवसांचे असते. न्यायालयात दोन-तीन तारखा पुढे ढकलल्या की मुलाचे सत्र संपते, चार-पाच ढकलल्या की वर्ष. आईला कधीतरी न्याय मिळेलही, पण मुलीचे सातवीचे वर्ष कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही.

घर सोडून निघालेल्या आईपुढे आणखी एक पेच असतो. २०१५ पासून देशभर उभारल्या गेलेल्या सखी केंद्रांत तात्पुरता निवारा मिळतो तो पाच दिवसांचा. त्यापुढचा निवारा म्हणजे स्वाधार गृह, ज्याला आता ‘मिशन शक्ती’खाली शक्ती सदन म्हणतात. स्वाधारच्या नियमांनुसार आईसोबत १८ वर्षांपर्यंतच्या मुलीला राहता येत असे, मुलग्याला मात्र आठ वर्षांपर्यंतच. त्याहून मोठा असेल तर त्याची रवानगी बालगृहात. योजनेचे नाव बदलले, पण मुलग्याच्या वयाची अट राहिलीच. निवासी संस्थेतील इतर स्त्रियांच्या सुरक्षिततेचा विचार त्यामागे आहे, हे मला समजते. परंतु तेरा-चौदा वर्षांचा मुलगा असलेल्या आईला आपण सांगतो की सुटका हवी असेल तर मुलापासून वेगळी हो. बहुतेक आया काय निवडतात, हे सांगण्याची गरज नाही. मुलींपुरता कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांचा पर्याय आहे. २००४ पासूनच्या या निवासी शाळा मागास गटांतील वंचित समाजांच्या मुलींसाठी सुरू झाल्या. हिंसेच्या घरातून आलेल्या मुलीला वर्षाच्या मध्येच तेथे प्राधान्याने प्रवेश देता येईल, आणि त्यासाठी नवा कायदा लागणार नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना महिला व बालविकास खात्यातील अधिकाऱ्यांमधून जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. कायदा लागू होऊन जवळजवळ दोन दशके झाल्यावर न्यायालयाला हे सांगावे लागते, यावरून राज्यांच्या गांभीर्याची कल्पना यावी. त्या प्रक्रियेतही शिक्षण खाते कोठे दिसत नाही. वास्तविक याच कायद्याच्या कलम ११ मध्ये विधी, गृह, आरोग्य यांच्याबरोबर ‘मानव संसाधन’ हाताळणाऱ्या खात्यांमध्येही समन्वय राखण्याची जबाबदारी सरकारांवर टाकलेली आहे. कायदा झाला तेव्हा केंद्रातील शिक्षण मंत्रालय मनुष्यबळ विकास मंत्रालय या नावाने ओळखले जात होते. २०२० मध्ये नाव बदलले. तो समन्वय मात्र जुन्या नावाखाली कधी झाला नाही आणि नव्या नावाखालीही मला दिसलेला नाही.

यावर माझ्या जुन्या सहकाऱ्यांचा आक्षेप मला पाठ आहे. शिक्षकांवर आणखी किती ओझे टाकणार? मतदार याद्या, जनगणना, ऑनलाइन माहिती, आता पती-पत्नीची भांडणेही? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच शिक्षकांना सक्तीने तक्रार करायला लावणे मला मान्य नाही. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या ‘पॉक्सो’ कायद्यात तशी सक्ती आहे आणि तेथे ती हवीच. पतीची मारहाण सोसणाऱ्या प्रौढ स्त्रीच्या बाबतीत मात्र तिला विचारल्याशिवाय पोलिसांत गेलेली तक्रार तिलाच महागात पडू शकते. माझ्या परिपत्रकाने हेच घडवले होते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम ४ कोणालाही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देण्याची मुभा देते आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्याला अभयही. मुभा आणि अभय एवढे शिक्षकांना माहीत असले तरी पुरे आहे.

बाकीचे काम शिक्षकांचे नाहीच. मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पोलीस यंत्रणेत प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसवली. पुढे इतर राज्यांनीही हा नमुना उचलला. दहा-पंधरा शाळांच्या प्रत्येक केंद्राला अशी एक समाजकार्यकर्ती मिळाली तर मुख्याध्यापिकांना खोटी हजेरी मांडावी लागणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळा-संकुलांशी समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते जोडण्याची भाषा आहेच, पण पदांना पैसा लागतो आणि भाषेला लागत नाही. इंग्लंडमध्ये प्लिमथ येथे २०११ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात रात्री पोलीस एखाद्या घरी गेले की दुसऱ्या दिवशी शाळा भरण्यापूर्वी त्या मुलाच्या शाळेतील एका नेमलेल्या व्यक्तीला तेवढे कळवले जाते. आपल्याकडे जिथे शिक्षक आणि पालक एकाच गल्लीत राहतात, तिथे ही माहिती गावभर होण्याचा धोका आहे, म्हणून ती जशीच्या तशी उचलता येणार नाही. त्यातले ‘एका नेमलेल्या व्यक्तीला’ हे शब्द मात्र घेण्यासारखे आहेत. तेथील २०२१ च्या कायद्याने हिंसा पाहणाऱ्या, ऐकणाऱ्या वा तिचे परिणाम भोगणाऱ्या मुलालाही पीडित मानले आहे. आपल्या कायद्यात ‘पीडित व्यक्ती’ म्हणजे स्त्री, आणि मूल तिच्या अर्जातील एक ओळ.

येत्या जूनपूर्वी राज्ये नेहमीप्रमाणे प्रवेशाची परिपत्रके काढतील. आईच्या तोंडी सांगण्यावर प्रवेश द्यावा, जुन्या नोंदी नव्या शाळेने स्वतः गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत मागवाव्यात, आणि आईने विनंती केल्यास नव्या शाळेचे नाव जुन्या शाळेला कळू देऊ नये, ही तीन वाक्ये त्यांत घालायला मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही. घटना अहवालात शाळेचा एक रकाना वाढवायला नियमांत छोटी दुरुस्ती पुरेल.

माझे परिपत्रक मी मागे घेऊ शकले नाही. त्याने आकडे सुधारले होते, आणि सुधारलेले आकडे मागे घेण्याची पद्धत कोणत्याही खात्यात नसते. बऱ्याच प्रयत्नांनंतर त्यात एक दुरुस्ती झाली. ‘वडिलांना’ या शब्दाच्या जागी ‘पालकांना’ असा शब्द आला. पुढच्या वर्षी मी काही शाळांचे हजेरीपट पुन्हा पाहिले. समज दिल्याच्या नोंदवहीत पालक म्हणून केलेल्या सह्या तेव्हाही वडिलांच्याच होत्या.